लॅम्बीच्या २०० सीसी इंजिनाला कुठला प्लग? भांडुपच्या गाळ्यातल्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज इंजिन पहिल्यांदा बोललं. तिसऱ्या किकला. गाळ्यात निळा धूर भरला, शेजारचा फॅब्रिकेशनवाला काम सोडून बघायला आला आणि बाबा खुर्चीतून उठून दारात उभे राहिले. काही बोलले नाहीत, कान देऊन ऐकत राहिले. इथल्याच एपीआयच्या, म्हणजे ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं लॅम्ब्रेटा आणि नंतर लॅम्बी या स्कूटर जोडण्यात घातली. त्यांना या इंजिनाचा आवाज बोल्टागणिक ओळखता येतो.

घरची लॅम्बी १५० आहे तशीच राहणार. तिचं पासिंग, तिचा इंजिन नंबर, तिचं साडेसहा अश्वशक्तीच्या आसपासचं शांत इंजिन, कशालाच हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. हे दुसरं इंजिन कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळालेल्या जुन्या क्रँककेसवर उभं केलंय आणि वेगळ्या फ्रेममध्ये बसवलंय. रस्त्यावर चालवायचं नाही. टेम्पोत घालून न्यायचं आणि बंद आवारात किंवा धावपट्टीवर पळवायचं.

मोजमापं एकदाच लिहून ठेवतो. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) मूळचाच ५८, म्हणजे १९८ सीसी. कार्ब्युरेटर २५ मिमीचा डेलऑर्टो, मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) ११५. एक्स्पान्शन चेंबरचा सायलेन्सर. बारा व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. हेड नवीन, प्लगचे आटे १४ मिमी व्यासाचे, १९ मिमी खोल. पिस्टन वर आल्यावर हेडपासून किती फट राहते ते सोल्डरची तार चेपून मोजलं: १.२ मिमी. ठिणगी पाडणारा प्लग एनजीके कंपनीचा बी७ईएस. त्यातला सात हा प्लग किती गरम किंवा थंड, त्याचा नंबर.

सातच नंबर का, याला माझ्याकडे उत्तर नाही. डब्यात होता, आटे जुळत होते, बसवला. बाकी प्रत्येक गोष्ट मोजून केली आणि आगीच्या तोंडाशी बसणारी वस्तू अंदाजाने घातली, हे मला खुपतंय. म्हणून ही वही प्लगची.

८ नोव्हेंबर, शनिवार

रनिंग-इन, म्हणजे नवं इंजिन रुळवणं, चालू आहे. दहा मिनिटं चालवायचं, अर्धा तास थंड करायचं, पुन्हा. मधल्या वेळात काका येऊन बसले. ज्यांच्या गॅरेजात मी दहावीच्या सुट्टीत पहिला पाना धरला ते काका.

"गरम प्लग लाव रे, ठिणगी जोरात पडेल."

हा गैरसमज इतका पसरलाय की इथे सविस्तर लिहितो. गरम आणि थंड हे शब्द ठिणगीसाठी नाहीतच. प्लगच्या टोकाला बसणारी उष्णता हेडकडे किती लवकर निघून जाते, त्याचं ते माप आहे. काकांच्या हातात दोन प्लग दिले आणि बॅटरी मारून आत बघायला सांगितलं. एकाचं चिनी मातीचं नाक लांब, सडपातळ, आत खोलवर जाऊन मग कुठे लोखंडी कवचाला टेकलेलं. उष्णतेला बाहेर पडायला लांबचा रस्ता, म्हणून तो गरम. दुसऱ्याचं नाक आखूड, लगेच कवचाला टेकणारं. तो थंड. ठिणगीचा जोर कॉइल, फट आणि सिलिंडरमधला दाब ठरवतात, त्यात या नंबराचा हात नाही.

टोक साधारण ५०० अंशांच्या वर राहिलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. त्याच्या खाली राहिलं तर काजळी साठते, वीज फटीतून उडी मारायचं सोडून काजळीवरून सरपटत निघून जाते आणि गाडी मिसिंग करते. ८५० च्या पुढे गेलं तर टोक निखाऱ्यासारखं होतं आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर येत असताना वरून स्फोट. दोन-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या माथ्याला भोक पडायला असे थोडेच सेकंद पुरतात. या दोन आकड्यांच्या मध्ये टोक ठेवायचं, आणि एका नंबराच्या बदलाने ते ७० ते १०० अंश इकडेतिकडे होतं.

काकांचा गोंधळ वेगळ्या कारणानेही होता. त्यांच्या डोक्यात मायकोचे, म्हणजे बॉशच्या भारतातल्या कंपनीचे, जुने आकडे पक्के बसलेत: डब्ल्यू १७५, डब्ल्यू २२५. त्या पद्धतीत मोठा आकडा थंड होता. पुढे बॉशने पद्धत बदलली, आता त्यांच्याकडे मोठा आकडा गरम. चॅम्पियनमध्येही मोठा आकडा गरम. एनजीके आणि डेन्सोत मोठा आकडा थंड, पण डेन्सोचा २४ म्हणजे एनजीकेचा ८. म्हणून काउंटरवर "एक नंबर वरचा द्या" असं कधीही म्हणू नये. कंपनी आणि पूर्ण कोड सांगावा.

१६ नोव्हेंबर, रविवार

पहाटे पाचला टेम्पो काढला. भिवंडीजवळ ओळखीच्यांच्या गोदामांचं आवार आहे, आत साधारण ६०० मीटर सरळ काँक्रीट, रविवारी ट्रक नसतात. सोबत धाकटा भाऊ. प्लगच्या वॉशरखाली बसणारी तापमानाची रिंग लावली होती, मीटर हँडलला टेपने बांधला.

पहिल्या दोन फेऱ्या तीन चतुर्थांश थ्रॉटलवर. तिसरी पूर्ण. इंजिन मिनिटाला ७००० फेऱ्यांच्या वर गेलं तेव्हा गाडी अशी खेचत होती की इतक्या महिन्यांच्या कष्टांचं चीज झाल्यासारखं वाटलं. टोकाशी क्लच दाबला, थ्रॉटल सोडला, किल स्विच दाबला.

इंजिन बंद झालं नाही.

दोन सेकंद, फार तर तीन. ठिणगी तोडली होती, तरी आत काहीतरी मिश्रण पेटवत होतं. मग खरखर करत थांबलं. भाऊ लांबून ओरडला, "दादा, स्विच दाबला का नाही?" मी दाबूनच धरला होता, अंगठा पांढरा पडेपर्यंत.

रिंगवर २०५ अंश. प्लग काढला. चिनी माती पांढरीफटक, खडूसारखी कोरडी, आणि नाकाच्या एका कडेला दोन बारीक फोड. ठिणगी जिच्यावर उडते त्या बाजूच्या पट्टीवर निळसर झाक पार वेल्डपर्यंत, म्हणजे पट्टी कवचाला जोडलेली असते तिथपर्यंत, गेलेली. भिंगातून बघितलं तर मातीवर ॲल्युमिनियमचे चमकणारे कण दिसतील अशी भीती होती. ते नव्हते. पिस्टन अजून शाबूत आहे. प्लगच्या भोकातून बॅटरी मारून माथाही बघितला, तोंडात जीव आणून.

दिवस तिथेच संपवला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कामावरून सुटल्यावर चर्नी रोडला उतरून ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे गेलो. बी८ईएस चार, बी९ईएस दोन घेतले. मागच्या महिन्यात दुसरीकडून घेतलेला एक प्लग नकली निघाला होता. पांढऱ्या मातीवरची अक्षरं पेट्रोलच्या फडक्याने पुसली गेली आणि वॉशर हातानेच सुटून आला. अस्सल प्लगचा वॉशर आट्यावरून सहज निघत नाही. आटे गुळगुळीत लाटलेले असतात, नखाला खरखर लागत नाही. नकली प्लगवर ७ छापलेलं असलं तरी आत कुठलं नाक आहे, कुणालाच माहीत नाही. मग हीट रेंजची, म्हणजे या गरम-थंड नंबराची, चर्चा करण्यात अर्थच उरत नाही. सहाही प्लग घरी येऊन भिंगाखाली तपासले. ठीक आहेत.

लोकलमध्ये एक हिशोब मांडला. मोठ्या गाड्यांसाठी एक नियम सांगतात: ७५ ते १०० अश्वशक्ती वाढवली की एक नंबर थंड. ज्यांच्याकडे आठ सिलिंडर आहेत त्यांना तो लागू. माझ्या इंजिनाची सगळी ताकद मिळून वीस होणार नाही. इथे दर लिटरमागे ताकद किती, हे बघायला हवं. मूळ लॅम्बी १४८ सीसीत साडेसहा, म्हणजे लिटरला ४४. हे इंजिन १९८ मध्ये सतरा देईल असं धरलं, तर लिटरला ८६. एकाच जागेत दुप्पट जाळ. म्हणजे मूळ इंजिनाला शोभणारा नंबर इथे चालणार नाही, एक किंवा दोन नंबर थंड घ्यावा लागेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुन्हा भिवंडी. आठ नंबर घालून एक पूर्ण फेरी. स्विच दाबताच बंद. माती फिकी, पण फोड नाहीत. रिंगवर २०३.

नऊ नंबर. स्विच दाबताच बंद. माती हलकी तपकिरी, बिस्किटासारखी, अगदी पुस्तकात दाखवतात तशी. रिंगवर २०४.

मी खूश झालो. वहीत "९, अंतिम" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्या रेघा खोडत नाही, चूक दिसत राहिली पाहिजे.

२४ नोव्हेंबर, सोमवार, रात्री

जेवताना बाबांनी विचारलं, "काल व्हिडिओत थ्रॉटल सोडल्यावर आवाज खाली यायला एवढा वेळ का घेतो?"

भावाने काढलेला व्हिडिओ त्यांनी तीनदा ऐकला होता. बघितला नव्हता, डोळे मिटून ऐकला होता. थ्रॉटल सोडला की दोन-स्ट्रोक चटकन खाली बसायला हवं. हे वरच लोंबकळत होतं आणि मग हळूहळू उतरत होतं. "आमच्याकडे लाइनवर अशी गाडी आली की आम्ही कार्ब्युरेटरला हात लावायचोच नाही. आधी सील बघायचो."

मग माझ्याही डोक्यात ते तीन आकडे आले. २०५, २०३, २०४. प्लग तीन, नाकं तीन वेगळ्या लांबीची, तरी हेडचं तापमान जागचं हललेलं नाही. हलणार कसं? थंड प्लग स्वतःच्या टोकाची उष्णता लवकर बाहेर टाकतो. सिलिंडरमधला जाळ तो कमी करत नाही. नऊ नंबराने फक्त आपलं नाक वाचवलं. पिस्टनला, रिंगांना, हेडला तेवढीच धग बसत होती आणि ती सांगणारा साक्षीदार मी बाजूला केला होता. सात नंबर पांढरा पडून, फोड आणून मला सांगत होता की आत काहीतरी बिनसलंय. मी त्याचं न ऐकता त्याला बदललं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

प्रेशर टेस्ट. इनटेकला रबरी बूच, एक्झॉस्टला रबर लावून पत्र्याची पट्टी, प्लगच्या भोकात नळी. सायकलच्या पंपाने ०.४ बार भरलं. सहा मिनिटं टिकायला हवं. माझं चाळीस सेकंदांत निम्म्यावर आलं.

साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. हेड कोरडं, सिलिंडरचा बेस कोरडा, इनटेकचं गॅस्केट कोरडं. फ्लायव्हील आधीच काढलं होतं. मॅग्नेटोच्या बाजूच्या ऑइल सीलभोवती ब्रश फिरवला आणि क्रँकच्या दांड्याला लागून फेस यायला लागला. मोठे बुडबुडे नव्हेत, साखरेच्या दाण्याएवढे, एकामागून एक, घड्याळात जिथे चार वाजतात त्या जागी. बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "चावीच्या खाचेने ओठ कापलाय. बसवताना दांड्याला टेप लावली होतीस का?"

नव्हती लावली. क्रँकच्या टोकाला फ्लायव्हीलच्या चावीची खाच असते, तिची कड सुरीसारखी. सील त्यावरून सरकवताना ओठ चिरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. त्या चिरेतून दर फेरीला थोडी हवा आत, पेट्रोल मात्र तेवढंच. मिश्रण पातळ, म्हणजे गरम.

गिअरबॉक्सच्या बाजूचं सील फुटलं असतं तर ऑइल ओढून पांढरा धूर झाला असता आणि लगेच कळलं असतं. मॅग्नेटोच्या बाजूचं सील काही दाखवत नाही. दिसतं ते प्लगवरच.

६ डिसेंबर, शनिवार

नवं सील बसवलं, व्हाइटॉनचं, कारण पेट्रोलमधल्या इथेनॉलला साधं रबर किती दिवस टिकेल याचा भरवसा नाही. दांड्याला पातळ टेप, सीलच्या ओठाला ग्रीस, अंगठ्यांनी दाबून. दाब सहा मिनिटं हलला नाही.

हात घातलाच आहे तर टायमिंगही, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते तेही, तपासलं. प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप घालून, दोन्ही बाजूंनी फिरवून खरा वरचा बिंदू काढला आणि कोनमापक लावला. फ्लायव्हीलवरची खूण दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाची निघाली. ठिणगी वरच्या बिंदूच्या १८ अंश आधी पडते असं मी समजत होतो, स्ट्रोबच्या लुकलुकत्या दिव्याखाली २२ दिसले. म्हणजे ठिणगी चार अंश लवकर पडत होती. बॅकप्लेट सरकवून १८ वर आणली.

आणि तिसरी गोष्ट, जेट. ११५ हा आकडा मला ज्या तक्त्यातून मिळाला तो साध्या पेट्रोलच्या जमान्यातला. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. साध्या पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, वीस टक्के मिसळलं की साधारण साडेतेरा. तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. डेलऑर्टोच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, ११५ म्हणजे १.१५ मिमी. प्रवाह क्षेत्रफळावर जातो, म्हणून व्यासात चार-साडेचार टक्के वाढ पुरते. ११५ चा १२०. हिशोब इतका नेमका जुळला की दोनदा करून बघितला.

ही तीनही कारणं एकाच दिशेला ढकलत होती, आणि तिघांचं पाप मी सात नंबराच्या माथी मारलं होतं.

एक बारीक नोंद: ई-२० मध्ये टू-टी (दोन-स्ट्रोकचं) ऑइल मिसळून कॅन ठेवून देऊ नये. मुंबईच्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढतं, पाणी वाढलं की थर खाली बसतो. लागेल तेवढंच त्या दिवशी मिसळायचं.

१४ डिसेंबर, रविवार

भिवंडी. नऊ नंबरच घालून सुरुवात केली. नवीन जुळणीची पहिली फेरी नेहमी थंड प्लगवर करावी, असं आता माझं पक्कं मत आहे. थंड प्लग चुकला तर काजळी येते, फार तर एक प्लग जातो. गरम चुकला तर पिस्टन जातो.

काजळी आलीच. आयडलवर पाच मिनिटं, मग आवारात हळू एक चक्कर, आणि थ्रॉटल उघडला की इंजिन तोतरं बोलायला लागलं. प्लग काढला तर नाक काळं, ओलं, ऑइलने तुकतुकीत. फडक्याने पुसून पुन्हा घातला, पुन्हा तेच. जाळ ताळ्यावर आल्यावर नऊ नंबराचं टोक ५०० पर्यंत पोचतच नाही.

आठ घातला. आयडल स्वच्छ, थ्रॉटल सोडताच आवाज खाली. पूर्ण फेरी: रिंगवर १७९. स्विच दाबताच बंद. बाबा या वेळी सोबत आले होते, प्लास्टिकच्या खुर्चीवर टोपी घालून बसले होते. फेरी संपवून आलो तेव्हा म्हणाले, "आता बसतंय." तेवढंच.

मग कोरा आठ नंबर घालून प्लग चॉप केला, म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर इंजिन एकदम बंद करून प्लगवरची खूण वाचली. पद्धत लिहून ठेवतो, कारण ती अर्धवट केली तर प्लग खोटं बोलतो. इंजिन आधी दुसऱ्या प्लगवर पूर्ण गरम करायचं. मग कोरा प्लग घालायचा, सुरू करून लगेच निघायचं, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल, रस्ता संपेपर्यंत. थ्रॉटल उघडा असतानाच क्लच आणि स्विच एकदम दाबायचे. आयडलवर एक सेकंदही नाही. गाडी ढकलत आणायची. आयडलची काजळी वर बसली तर पूर्ण थ्रॉटलची खूण तिच्याखाली गाडली जाते. सिग्नलवर थांबत घरी येऊन प्लग बघणारे सिग्नलचा रंग बघत असतात.

१६ डिसेंबर, मंगळवार

साकीनाक्याला लेथवाल्या मामांकडे प्लग घेऊन गेलो. आट्यांच्या वर कवच कापून द्या म्हटल्यावर त्यांनी प्लग बोटांत फिरवला आणि विचारलं, "नवीन वस्तू कापायची?" कारण सांगितलं तर मशीन थांबवून त्यांनी चांगलं टूल शोधून लावलं.

बारीक फीडवर कवच सुटत गेलं, लोखंडाची केसासारखी कुरळी साल खाली पडत होती. मामा मध्येच थांबून ब्रशने झाडत, मातीला टूल लागू नये म्हणून. शेवटी कवचाचा खालचा भाग अंगठीसारखा निघून आला आणि आखूड पांढरं नाक मुळापर्यंत उघडं पडलं. टोकाकडे जवळजवळ स्वच्छ, आणि अगदी मुळाशी, जिथे ते कवचाला टेकतं तिथे, दुधाळ चहाच्या रंगाचं वर्तुळ. तीन मिमी उंच, सगळीकडे सारखं. पूर्ण थ्रॉटलचं मिश्रण तिथे लिहिलेलं असतं. वरून बघून 'तपकिरी आहे, छान' म्हणणं म्हणजे पाकीट बघून पत्र वाचल्यासारखं.

दुसरी खूण बाजूच्या पट्टीवर. ताप जिथपर्यंत पोचला तिथे धातूचा रंग बदलतो. या प्लगवर ती रेष बरोबर वळणावर आहे. १६ नोव्हेंबरच्या सात नंबरावर ती वेल्डपाशी होती, चार अंश लवकर पडणारी ठिणगी तिथे उमटली होती आणि मला वाचता आली नव्हती.

तिसरी आट्यांवर. टोकाकडचे दोन आटे करपलेले, तिसरा स्वच्छ. सात नंबराचे चार करपले होते. भिवंडीच्या नऊवर जेमतेम पहिला. मिश्रण बघायचं मुळाशी, टायमिंग पट्टीवर, हीट रेंज आट्यांवर. मी इतकी वर्षं तिन्ही गोष्टी नाकाच्या टोकाच्या एकाच रंगात शोधत होतो.

मामांनी पैसे घेतले नाहीत. कापलेलं कवच मात्र ठेवून घेतलं, पोराला दाखवायला.

२१ डिसेंबर, रविवार

तुर्भ्याला डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर. आठ नंबर: मागच्या चाकाला १७.४ अश्वशक्ती, ७१०० वर. गरम इंजिनावर नऊ घालून: १७.३. इतका फरक एकाच प्लगच्या दोन फेऱ्यांतही पडतो. थंड प्लगने ताकद वाढते असं म्हणणाऱ्यांसाठी हा कागद भिंतीवर लावला आहे.

११ जानेवारी २०२६, रविवार

गोंधळात टाकणारा दिवस. तोच आठ नंबर, तेच जेट, सकाळची गार हवा, आणि तीन आटे करपलेले. रिंगवर नेहमीचंच तापमान. गार, दाट हवेने मिश्रण पातळ झालं असेल म्हणून जेट बदलायला निघालो होतो. भावाने प्लगचा पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हा मी बसवला होता हं, हाताने घट्ट केलेला."

तिथेच कळलं. नाकाची उष्णता कवचात येते, कवचातून वॉशर आणि आट्यांमार्फत हेडमध्ये. वॉशर नीट चेपला नसेल तर शेवटचा पूलच कच्चा, मग आठ नंबर सातासारखा वागतो. माझ्या बाबतीत तर मध्ये तापमानाची रिंगही आहे. ॲल्युमिनियमच्या हेडला १४ मिमी प्लग २५ ते ३० न्यूटन मीटर हवा. टॉर्क पाना नसेल तर नवा प्लग हाताने टेकेपर्यंत फिरवून मग पान्याने अर्धा फेरा. जुना, वॉशर आधीच चेपलेला असेल तर घड्याळाच्या एका तासाएवढाच. इंजिन थंड असताना. आट्यांना ग्रीस नाही, ग्रीसने पाना खोटा आकडा दाखवतो आणि आटे ताणले जातात.

२८ वर बसवला. पुन्हा फेरी. दोन आटे.

भावाला टॉर्क पाना वापरायला शिकवला. त्याने आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण मीही कधी सांगितलं नव्हतं.

२५ जानेवारी, रविवार

पुढच्या महिन्यात लोणावळ्याच्या वर धावपट्टीवर जायचं ठरतंय. सहाशे मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सात टक्क्यांनी कमी, हवा विरळ, म्हणजे मिश्रण आपोआप जाड होणार आणि सिलिंडरमध्ये जाळही थोडा कमी. काका म्हणाले, "घाटावर प्लग एक नंबर गरम घाल." मी नको म्हटलं. तिथे बदल हवेत आहे, म्हणून तो जेटने भरून काढायचा. १२० च्या जागी ११८, गरज पडली तर ११५. जेट जुळल्यावर आटे काय सांगतात ते बघू आणि तेव्हाच प्लगला हात लावू. काकांनी थोडा वेळ विचार केला, मग स्वतःच ११५ चा जेट शोधून पाकिटात घातला.

बाबांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. त्यात पुठ्ठ्याला भोकं पाडून प्लग ओळीने उभे केलेत, प्रत्येकाच्या खाली तारीख. १६ नोव्हेंबरचा फोड आलेला सात. २३ चा फसवा नऊ. १४ डिसेंबरचा काळा नऊ. कापलेला आठ. ११ जानेवारीचा, तीन आट्यांचा. शेवटच्या दोन भोकांत कोरे बी८ईएस, फट ०.६ मिमी करून, वॉशर न चेपलेले.